आजोबांची मऊ चप्पल



मागच्या पालकसभेला एक आजोबा पायरीशी चप्पल काढून उन्हाने तापलेल्या अंगणातून अनवाणी सभागृहात आले. आपल्याकडे शिरस्ताच तसा आहे. त्यांच्या तळव्याला फोड आला, पण तो चार दिवसांनी सुनेला चादरीवरच्या डागावरून कळला. आजोबांना काहीच दुखले नव्हते. त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे.

जुन्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होऊ शकतात. कुष्ठरोगातही तसे होते. कुष्ठरुग्णांचे पाय रोगामुळे आपोआप झडतात, अशी पूर्वी समजूत होती. १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी वेगळेच कारण दाखवले. वेदना कळत नसल्याने माणूस पाय सावरत नाही, त्याच जागी दाब पडत राहतो आणि जखम होते. म्हणून हवेचे बारीक बुडबुडे असलेल्या मऊ रबराची, म्हणजे एम.सी.आर.ची चप्पल रुग्णांना देऊ लागले. तीच मधुमेहींनाही देतात. तिला मागे पट्टा असतो आणि खिळा कुठेच नसतो. ही चप्पल पाहून कुणी 'रोग्याची चप्पल' म्हणून हसू नये. आमच्या कानावर तसे आले आहे.

निपाणी, अथणी भागात हे लिहिणे थोडे जिवावर येते. कोल्हापुरी चप्पलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकाचेही चार जिल्हे आहेत. पण बधिर पायाला कोल्हापुरी चालत नाही. तिचा तळ कडक असतो, आणि अंगठ्यातून ती निसटली तरी पायाला कळत नाही.

मुलांनो, एक काम तुम्ही करा. आजी-आजोबांनी चप्पल घालण्याआधी ती उलटी करून झटका व आत हात फिरवा. बाभळीचा काटा तळातून वर आलेला असतो. रात्री त्यांचे तळवे, बोटांच्या बेचक्यांसह, उजेडात पाहा. लाली, फोड, भेग दिसली तर घरात लगेच सांगा. चप्पल नवी असेल तर पहिल्या दिवशी तासभरच घालू द्या, मग पाय पाहा.

चप्पल साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. चुलीजवळ ठेवू नये. पट्टा तुटला तर शिवून किंवा चिकटवून घ्यावा, खिळा मारू देऊ नये. आतले रबर दाबल्यावर वर येईनासे झाले की चप्पल टिकाऊ दिसली तरी बदलावी. कुष्ठरुग्णांना ती सरकारी दवाखान्यातून मोफत मिळते.

यापुढे ज्यांना डॉक्टरांनी अशी चप्पल दिली आहे, त्यांनी ती घालूनच सभागृहात यावे, प्रार्थनेलासुद्धा. दारावरच्या स्वयंसेवक मुलांनी अडवू नये. विश्वस्तांना आमची विनंती आहे की दाराशी एक खुर्ची आणि तळ पुसायला ओले फडके ठेवावे.