समुद्रावरचे पांढरे पाहुणे

मुलांनो, हिवाळ्यात गेटवे ऑफ इंडियावरून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये तुम्ही कधी बसला आहात का? लाँच सुटली, की पांढऱ्या पक्ष्यांचा थवा तिच्या मागे येतो. प्रवासी शेव-गाठिया हवेत उडवतात आणि पक्षी ते वरच्यावर झेलतात. मोठी मौज वाटते! या पक्ष्यांना मराठीत 'कुरव' म्हणतात.

मुंबईत दिसणारे बहुतेक कुरव हिवाळी पाहुणे आहेत. त्यांपैकी एक म्हणजे तपकिरी डोक्याचा कुरव. उन्हाळ्यात तो लडाख, तिबेट व मध्य आशियातील उंच सरोवरांकाठी घरटी बांधतो. थंडीत तेथे पाणी गोठते. म्हणून तो हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून आपल्या किनाऱ्यावर येतो. गंमत अशी, की हिवाळ्यात त्याचे डोके पांढरे असते. कानाजवळ फक्त काळसर ठिपका दिसतो. मार्चच्या सुमारास डोके पुन्हा तपकिरी होऊ लागले, की समजावे, पाहुणे निघण्याची वेळ आली.

कुरव माणसांजवळ का येतो? तो मासे, खेकडे, किडे खातोच. पण माणसाने टाकलेले अन्नही खातो. मासळी बंदरावर त्याला आयते खाणे मिळते. मेलेली मासळी खाऊन तो किनारा साफ करतो.

आयत्या खाण्याची सवय मात्र वाईट! इंग्लंडमध्ये हेरिंग कुरव नावाचे मोठे पक्षी शहरात घरांच्या छपरांवर घरटी बांधतात. तेथे ते लोकांच्या हातातील खाऊ झडप घालून पळवतात. लोक चिडतात. पण ही सवय त्यांना लागली ती माणसांच्याच खाऊमुळे. २०१९ साली तेथील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. खाऊजवळ बसलेला माणूस टक लावून पाहत असेल, तर कुरव जवळ यायला जास्त वेळ लावत. म्हणजे त्यांना दूर ठेवायला दगड नको, नजर पुरते.

तुम्ही विचाराल, "आपण खाऊ दिला नाही, तर आपले कुरव उपाशी राहतील ना?" नाही. समुद्र त्यांना अन्न देतो. तळलेल्या गाठियाने पोट भरते, पण माशांतले पोषण मिळत नाही. आणि त्यांना तर परतीचा लांब प्रवास करायचा असतो. शिवाय खाऊच्या रिकाम्या पिशव्या समुद्रात पडतात, त्या वेगळ्याच.

घरी पाहुणा आला, तर त्याला सोसेल तेच आपण वाढतो. मग या पाहुण्यांना गाठिया का? पुढच्या वेळी लाँचमध्ये बसाल, तेव्हा पिशवी दप्तरातच ठेवा. किती कुरवांची डोकी तपकिरी झाली आहेत, ते मोजा.

शब्दार्थ
थवा – झुंड
सरोवर – झील
आयते – बग़ैर मेहनत का
झडप घालणे – झपटना
सोसणे – मुआफ़िक़ आना

स्वाध्याय
१. तपकिरी डोक्याचा कुरव हिवाळ्यात आपल्याकडे का येतो?
२. कुरवांना गाठिया का देऊ नये? दोन कारणे लिहा.
३. 'टक लावून पाहणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.