कारवान कुत्रा : स्वभाव आणि निगा



मळ्यातल्या वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्याचं कुत्र्याशिवाय चालत नाही. रात्रीची पाण्याची पाळी असो, नाहीतर गोठ्यातली जनावरं असोत, राखणीला कुत्रा हवाच. त्यासाठी बरेच सभासद हौसेने कारवान जातीचं पिल्लू आणतात. पण ते विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपाशी साखळीला बांधलं, की वर्षभरात चिडकं तरी होतं, नाहीतर घाबरट तरी. मग आपण म्हणतो, "जात चांगली निघाली नाही." दोष जातीचा नसतो, बांधण्याचा असतो. म्हणून या जनावराचा स्वभाव नीट समजून घेऊ.

जातीची ओळख

आपल्याकडे ज्याला कारवान किंवा कारवानी म्हणतात, त्यालाच कर्नाटकात मुधोळ म्हणतात. मुधोळ हे गाव आज बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथले संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या जातीला आश्रय दिला आणि एक जोडी इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याला भेट दिली. 2005 साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची जी तिकिटे काढली, त्यात मुधोळ आहे. 2016 साली लष्कराने ही पिल्ले मेरठच्या केंद्रात शिक्षणासाठी नेली.

लांबट अरुंद डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब पाय आणि आखूड केसांची पातळ कातडी ही त्याची खूण. नराची उंची खांद्यापाशी साधारण सव्वादोन फूट भरते. कान-पायांवर लांब केस असलेल्या प्रकाराला पश्मी म्हणतात.

स्वभाव

बरीच शिकारी कुत्री नाकाने माग काढतात, कारवान डोळ्याने शिकार धरतो. दूरवर काही हललं, की तो धावलाच. एकदा पळाला की हाकेला लवकर येत नाही. त्यामुळे कोंबड्या, मांजर, करडं यांची सवय त्याला पिल्लू असतानाच लावावी. मोठेपणी ती लागणं अवघड.

तो घरच्या माणसांवर जीव लावतो, परक्याला मात्र अंगाला हात लावू देत नाही. पाहुण्याने डोक्यावरून हात फिरवायला गेलं तर मागे सरतो, फार जवळ गेलं तर चावूही शकतो. लहान मुलांना हे समजावून ठेवावं. मार दिला तर हा कुत्रा शिकत नाही, नुसता बुजतो. नावाने हाक मारून, आला की भाकरीचा तुकडा देऊन शिकवावं.

साखळीचे नुकसान

ज्याची सारी ताकद पळण्यात आहे, त्याला चार हाताच्या साखळीत ठेवलं तर ती ताकद भुंकण्यात आणि चिडण्यात जाते. सकाळ-संध्याकाळ त्याला मोकळं पळू द्यावं, पण कुंपण घातलेल्या जागेत. रस्त्याकडेला सोडू नये. ट्रॅक्टर, ट्रक त्याला दिसत नाहीत, फक्त पुढचं सावज दिसतं. उन्हाळ्यात दुपारी पळवू नये, आणि जेवल्याबरोबर तर नाहीच. मान लांब व डोकं बारीक असल्याने साधा पट्टा सहज निसटतो, म्हणून चामड्याचा रुंद पट्टा घालावा.

आणखी एक गोष्ट जिवावरची आहे. उसात बिबट्या राहतो, वितो, हे आता नवीन नाही. अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच आढळला. उसाच्या कडेला रात्री साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे राखण नव्हे, आमिष आहे. त्याला पळताही येत नाही, आणि त्याच्यामागे बिबट्या आपल्या अंगणापर्यंत येतो. कुत्रा रात्री दार लावलेल्या खोलीत किंवा पक्क्या जाळीच्या खुराड्यात ठेवावा. चाहूल लागली तर तो आतूनही भुंकतोच.

खाणे

"कारवान उपाशी ठेवला की जोरात पळतो" हा समज सोडून द्यावा. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं ही या जातीची ठेवण आहे. पण पाठीचा कणा आणि सगळ्या बरगड्या वर आल्या तर ती उपासमार समजावी. मोठ्या कुत्र्याला दोन वेळा, वाढत्या पिल्लाला तीन-चार वेळा खाणं द्यावं. नुसती भाकरी-ताक पुरत नाही. सोबत अंडी, मांस किंवा घट्ट वरण हवं. शिजवलेली हाडं, कांदा आणि चॉकलेट देऊ नये. उंदरांसाठी विषारी आमिष ठेवलं असेल तर कुत्रा तिकडे फिरकणार नाही याची काळजी घ्यावी.

आजार व लसी

पिल्लू दोन महिन्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नये. दीड महिन्यापासून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचं औषध व इतर रोगांच्या लसी सुरू कराव्यात. पिसाळीची लस तीन महिन्यांचा झाल्यावर, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे न चुकता द्यावी. कुठलाही कुत्रा माणसाला चावला, तर जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा.

गोठ्यातल्या गोचिडांपासून कुत्र्याला ताप येतो. कान आणि पायाची बोटं रोज तपासावीत. अंगावर चरबी कमी असल्याने थंडीत पोतं किंवा उसाच्या पाचटाचं कोरडं अंथरूण द्यावं. शस्त्रक्रियेची वेळ आली तर डॉक्टरांना जात आवर्जून सांगावी; अशा सडपातळ शिकारी जातींना भुलीच्या काही औषधांचा अंमल उतरायला वेळ लागतो.

कायद्याची बाब

ऊसतोड चालू असताना फडातून ससा निघतो आणि कुत्रा सोडायचा मोह होतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा, काळवीट, चिंकारा यांची शिकार हा गुन्हा आहे, आणि कुत्रा मागे लावणं हीसुद्धा शिकारच. तोडणी चालू असेपर्यंत कुत्रा फडावर नेऊ नये, वस्तीवर बंदिस्त जागेत ठेवावा.

पिल्लू आणण्याआधी एवढंच पाहा : पळायला कुंपणाची जागा, रात्रीला बंद दार, आणि रोज अर्धा तास देणारं घरचं एक माणूस. ही तिन्ही असतील तर कारवान जरूर आणा. नसतील तर गावरान कुत्रा पाळा. पण त्यालाही रात्री आतच घ्या.