परतीची वेळ

सहल म्हटली की मुलांच्या डोळ्यांसमोर निघण्याची वेळ उभी राहते. पहाटेची थंडी, शिदोरीचा वास आणि खिडकीजवळची जागा मिळवण्याची धांदल हे सारे निघण्याच्या वेळेचे आनंद होत. परंतु ज्यांनी पुष्कळ प्रवास केला आहे, ती माणसे सहलीची आखणी शेवटापासून करतात. परत केव्हा यायचे हे ती प्रथम ठरवतात, आणि तेथून मागे मोजत येऊन निघण्याची वेळ काढतात. हा उलटा हिशेब लातूरच्या एका शाळेतील सातवीचा वर्ग कसा शिकला, त्याची ही हकीकत आहे.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. वर्गाची तीन दिवसांची सहल नांदेडला न्यावी, दोन रात्री तेथे मुक्काम करावा आणि आसपासची स्थळे पाहावीत, असे ठरले. गुरुजींनी मुलांना पाहण्याजोग्या स्थळांची नावे फळ्यावर लिहिण्यास सांगितले. बघता बघता फळा भरून गेला. नांदेडचा गुरुद्वारा, गोदावरीचे घाट, विष्णुपुरीचा जलाशय, कंधारचा किल्ला, सहस्रकुंडाचा धबधबा, माहूरचे रेणुकामातेचे मंदिर, देगलूर तालुक्यातील होट्टलची प्राचीन मंदिरे आणि माळेगावचा खंडोबा! कोणतेही नाव पुसायचे नाही, असा साऱ्या वर्गाचा आग्रह होता.

गुरुजींनी फळ्याला हात लावला नाही. त्यांनी भिंतीवरील जगाचा नकाशा उलगडला आणि युरोपच्या उत्तरेकडील नॉर्वे देशावर बोट ठेवले.

"या देशाचा किनारा पाहा. जणू कोणी कात्रीने कातरला आहे. फार प्राचीन काळी येथे बर्फाच्या प्रचंड नद्या होत्या. त्यांनी डोंगर खोल कोरून काढले. पुढे बर्फ वितळले आणि त्या दऱ्यांत समुद्र शिरला. अशा अरुंद, खोल खाडीला फिओर्ड म्हणतात. सोग्न नावाची खाडी तर २०० किलोमीटरांहून अधिक आत गेली आहे, आणि तिची खोली काही ठिकाणी १,३०० मीटरांपेक्षा जास्त आहे."

ही शोभा पाहण्यासाठी तेथे मोठमोठी प्रवासी जहाजे जातात. सोग्न खाडीच्या एका फाट्याच्या टोकाशी फ्लोम नावाचे खेडे आहे. जहाज तेथे काही तास थांबते. तेवढ्या अवधीत प्रवाशांनी किनाऱ्यावर उतरायचे, हवे ते पाहायचे आणि परतायचे. फ्लोमहून डोंगरावर जाणारी एक आगगाडी आहे. तिचा मार्ग अवघा २० किलोमीटरांचा. पण तेवढ्यात ती समुद्रकाठावरून ८६६ मीटर उंचीवरील मिर्दाल स्थानकापर्यंत चढते. वर जाण्यास सुमारे एक तास लागतो आणि खाली येण्यासही तितकाच.

"आता समजा," गुरुजी म्हणाले, "जहाज सकाळी आठला लागले आणि दुपारी दोनला सुटणार आहे. प्रवाशाच्या हाती किती वेळ आहे?"

"सहा तास," मुले एका आवाजात म्हणाली.

"नाही. जहाज सुटण्यापूर्वी अर्धा तास तरी त्याने जहाजावर पोचले पाहिजे. साऱ्यांना उतरण्यासही वेळ लागतो. गाडीची वाट पाहावी लागते. जाण्यायेण्याचे दोन तास वजा करा. मग उरतात जेमतेम तीन तास. ज्याने हा हिशेब केला नाही, तो धक्क्यावर येतो तेव्हा जहाज खाडीच्या वळणापलीकडे गेलेले असते. स्वतःच्या हिमतीने फिरणाऱ्या एकट्यादुकट्यासाठी जहाज खोळंबत नाही. त्याला पदरचा खर्च करून पुढचे बंदर गाठावे लागते."

"पण गुरुजी, आपल्याकडे कुठे जहाज आहे?" एका मुलीने विचारले.

"आहे तर! आपले जहाज म्हणजे सूर्य. कार्तिकात तो पावणेसहाच्या सुमारास मावळतो. चाळीस मुलांना घेऊन अनोळखी रस्त्याने अंधारात फिरायचे नाही. म्हणून साडेपाचला मुक्कामी पोचायचे. ही आपली परतीची वेळ. आता तेथून मागे मोजा."

वर्ग कामाला लागला. वाटेतील गावे आणि वळणे लक्षात घेऊन गाडीचा वेग ताशी सरासरी ३५ किलोमीटर धरण्यात आला. पैनगंगा नदीवरील सहस्रकुंड नांदेडपासून सुमारे १०० किलोमीटर आहे. म्हणजे एका बाजूचा प्रवास तीन तासांचा. साडेपाचातून तीन तास वजा केले, की अडीच वाजतात. गुरुजींनी आणखी अर्धा तास कमी करण्यास सांगितले. "हा अर्धा तास कोणत्याही स्थळाचा नाही," ते म्हणाले. "तो अडचणीचा आहे. अडचण आली नाही तर तो परत मिळेल. पण आधी खर्चून टाकला, तर तो उसना कोणी देणार नाही." म्हणजे दुपारी दोनला धबधबा सोडलाच पाहिजे. सकाळी सातला निघून दहाला पोचले, तर तेथे चार तास मिळतात.

"मग तसेच पुढे माहूरला जाऊ," मागच्या बाकावरून सूचना आली. त्या सूचनेचाही हिशेब झाला. सहस्रकुंडाहून किनवटमार्गे माहूरला जाण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागतो. माहूरहून नांदेड सव्वाशे किलोमीटरांहून दूर, म्हणजे परतीला सुमारे चार तास हवेत. अडचणीचा अर्धा तास धरला, तर माहूर एकलाच सोडावे लागते. धबधब्यावर क्षणभरही न थांबता धावत गेले, तरी माहूरला अर्धापाऊण तास मिळायचा. आणि तेथे देवीच्या दर्शनासाठी पायऱ्यांचा मोठा चढ चढायचा असतो. दोन्ही स्थळांना पाय लागले असते, पण एकही स्थळ पाहून झाले नसते. मुलांनी स्वतःच माहूरचे नाव पुसले. गुरुजींनी ते एका वहीत लिहून ठेवले आणि वहीवर शीर्षक घातले : 'पुढच्या वर्षी'.

आता प्रश्न आला चालण्याचा. किल्ला पाहण्यास किती वेळ धरावा? कोणी एक तास म्हणाले, कोणी अर्धा. तेव्हा एका मुलीने विचारले, "पण तो कोणाच्या चालीने मोजायचा?"

वर्ग एकदम शांत झाला. त्या वर्गात एक मुलगा होता. लहानपणच्या आजारात त्याचा एक पाय अधू झाला होता. तो चालत असे, पण सावकाश. सहलीच्या यादीत त्याने आपले नाव दिले नव्हते. "माझ्यामुळे सगळ्यांना थांबावे लागेल," एवढेच तो म्हणाला होता आणि खिडकीबाहेर पाहत बसला होता.

गुरुजींनी त्याला आग्रह केला नाही. ते वर्गाला म्हणाले, "वारीची दिंडी तुम्ही पाहिली आहे. तिच्यात तरणेताठे असतात, तशी म्हातारी माणसेही असतात. म्हाताऱ्यांना वाटेत टाकून दिंडी पंढरपूरला पोचत नाही. जो सर्वांत सावकाश चालतो, त्याची चाल ती दिंडीची चाल. आपल्या वेळापत्रकातही तसेच मोजायचे." मग त्या मुलापुढे नांदेड जिल्ह्याचा नकाशा ठेवून ते म्हणाले, "तुला नकाशा चांगला वाचता येतो. यायचे की नाही, ते तू ठरव. पण कंधारला कधी जावे, एवढे आम्हांला सांग."

दुसऱ्या दिवशी तो मुलगा फळ्यापाशी आला. नांदेडहून कंधार सुमारे ५० किलोमीटर आहे. तेथे जाऊन नांदेडला परत येणे म्हणजे १०० किलोमीटरांचा फेरा. परंतु लातूर-नांदेड रस्ता अहमदपूर आणि लोहा या गावांवरून जातो, आणि कंधारचा रस्ता लोह्यालाच फुटतो. "म्हणून कंधारसाठी वेगळा दिवस नको," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशी घरी येताना लोह्याहून वळावे. सकाळी सातला नांदेड सोडले, तर साडेआठला कंधार. लातूर तेथून पावणेचार तासांच्या आत येते. दुपारी एकला निघालो, तरी अडचणीचा अर्धा तास शिल्लक राहतो." थोडे थांबून तो पुढे म्हणाला, "कंधारचा किल्ला भुईकोट आहे. डोंगर चढावा लागत नाही."

त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते आणि माळेगाव याच रस्त्यावर आहे. यात्रेच्या दिवसांत रस्ता माणसांनी आणि जनावरांनी फुलून जातो. सहल कार्तिकातच उरकली, तर ती गर्दी टळेल. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मुलाने त्या दिवशी यादीत आपले नाव स्वतःच्या हाताने लिहिले. ते एकेचाळिसावे होते.

ठरल्या दिवशी सहल निघाली. लातूर ते नांदेड सुमारे १४० किलोमीटरांचा रस्ता कापून ती दुपारपूर्वी नांदेडला पोचली. सायंकाळी मुलांनी तख्त सचखंड श्री हजूर साहिब पाहिले. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ साली नांदेड येथे निर्वाण झाले. त्या स्थानी पंजाबचे महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात हा गुरुद्वारा बांधविला. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक तख्त आहे. मुलांनी डोक्याला रुमाल बांधले, पाय धुतले आणि दर्शन घेतले. मग लंगरमध्ये सारेजण एका पंगतीत जेवले. तेथे लहानथोर, गरीबश्रीमंत असा भेद नसतो. सर्वांना एकच पंगत आणि एकच अन्न.

दुसऱ्या दिवशी सहस्रकुंड! नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगा काळ्या कातळांवरून अनेक धारांनी खाली झेपावते. पावसाळा नुकताच सरला असल्याने पाण्याला जोर होता. ओल्या खडकावर पाय घसरतो, म्हणून कोणीही काठाशी जायचे नाही असे आधीच ठरले होते. चार तास हाताशी असल्यामुळे कोणालाच घाई नव्हती. काहींनी चित्रे काढली, काहींनी पाण्याने झिजलेल्या खडकांतील गोल रांजण मोजले. दोन वाजता वेळ पाहणाऱ्या मुलीने शिटी वाजवली. "आणखी अर्धाच तास!" अशी विनवणी झाली, पण तिने शिटी पुन्हा वाजवली.

वाटेत गाडीच्या एका चाकातील हवा गेली. चाक बदलण्यास पंचवीस मिनिटे लागली. गाडी नांदेडला पोचली तेव्हा साडेपाच वाजायला पाच मिनिटे कमी होती आणि सूर्य अजून मावळला नव्हता. अडचणीचा अर्धा तास कशासाठी ठेवला होता, हे त्या दिवशी कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

तिसऱ्या दिवशी मुले कंधारला वळली. हा किल्ला दहाव्या शतकातील राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळचा मानला जातो. त्याच्याभोवती रुंद खंदक आहे. डोंगरी किल्ल्याला डोंगर राखतो, भुईकोटाला पाणी राखते, हे मुलांना तेथे प्रत्यक्ष दिसले. राष्ट्रकूटांच्या काळातील जगत्तुंग समुद्र नावाचा विस्तीर्ण तलावही त्यांनी पाहिला. नकाशा वाचणारा मुलगा आज सर्वांच्या पुढे होता. त्याच्या चालीने चालताना इतरांना एरवी न दिसणाऱ्या गोष्टी दिसल्या : दगडांवरील कोरीव काम, भिंतीतील फटींत उगवलेली पिंपळाची रोपे, खंदकावर टपून बसलेला खंड्या.

फळ्यावरील आठ नावांपैकी मुलांनी थोडीच स्थळे पाहिली. परंतु जी पाहिली, ती मन भरून पाहिली. आणि एकेचाळीस जण निघाले होते, ते एकेचाळीस जण दिवस मावळण्यापूर्वी आपापल्या घरी पोचले. उरलेली नावे वहीत सुरक्षित होती. प्रवासात काय पाहावे, हे कोणीही सांगू शकतो. काय सोडून द्यावे आणि कोणाला सोडून जाऊ नये, हे ज्याला कळले त्याला सहलीची आखणी साधली.

स्वाध्याय

१. गुरुजींनी 'आपले जहाज म्हणजे सूर्य' असे का म्हटले?

२. माहूरचे नाव मुलांनी का पुसले? हिशेब मांडून दाखवा.

३. कंधार पाहण्यासाठी तिसरा दिवसच सोयीचा का ठरला?

४. 'जो सर्वांत सावकाश चालतो, त्याची चाल ती दिंडीची चाल.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

५. लातूरहून औशाचा किल्ला, खरोशाची लेणी व उदगीरचा किल्ला यांपैकी कोणती स्थळे एका दिवसात नीट पाहता येतील? नकाशा घेऊन, परतीच्या वेळेपासून मागे मोजत वेळापत्रक तयार करा.