घोडा इथे काय करणार?

मार्चमधला शनिवार. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि शेतात पाऊल टाकलं की बूट रुतत होता. आयल्सबरीच्या पलीकडे आम्ही हिवाळ्यात तीन एकर गवताचं शेत घेतलं, ते मुलीसाठी. तिला घोड्यांचा ध्यास आहे आणि दोन पोनी पाळायचं आमचं घरात ठरलं होतं. लाकडी तबेल्याचं माहितीपत्रक माझ्या हातात होतं. पैसे भरण्याआधी मामाला दाखवावं म्हणून त्याला बोलावलं. मामाची सगळी नोकरी इंग्लंडमधल्या नगररचना खात्यांत गेली. गमबूट, मोजपट्टी आणि खिशात सुतळीचं रीळ घेऊन तो आला. आमचं बोलणं तिथेच, चिखलात उभ्याने झालं. इकडे स्थायिक झालेली आपली बरीच माणसं आता शहराबाहेर जमीन बघू लागली आहेत. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून ते जवळजवळ जसंच्या तसं देते आहे.

मी : मामा, जमीन आपली, पैसे आपले आणि बांधायच्या आहेत दोन लाकडी खोल्या. त्याला परवानगी कशाला लागते?

मामा : खोल्यांचं नंतर. आधी मला सांग, घोडा इथे काय करणार?

मी : काय करणार म्हणजे? राहील, चरेल, पोरगी त्याच्यावर बसेल.

मामा : नुसता चरणार असेल, तर हे शेत शेतीच राहतं. १९९० च्या नगररचना कायद्यात ३३६ वं कलम आहे, त्यात शेतीची व्याख्या दिली आहे. चराऊ कुरण त्या व्याख्येत बसतं. पण घोडा इथे राहणार, त्याला बाहेरून आणलेलं गवत घालणार, त्याच्यावर रपेट करणार, म्हटल्यावर जमिनीचा वापर बदलला. शेतजमीन होती, ती घोडे पाळायची जमीन झाली. या बदलाला परवानगी लागते. तू एक फळीसुद्धा ठोकली नाहीस, तरी लागते.

मी : पण घोडा शेतीत बसत नाही हे पटत नाही. या देशाची नांगरट घोड्यांनीच केली ना?

मामा : केली, आणि नांगराचा घोडा आजही शेतीतच मोडतो. व्याख्येत कोणती जनावरं आहेत बघ. अन्न, लोकर, कातडी यांच्यासाठी पाळलेली, किंवा शेतीच्या कामाला जुंपलेली. तुझी पोनी यातलं काहीच करणार नाही. १९६२ साली बेलमाँट फार्मचा खटला झाला. तिथे उडीच्या स्पर्धांसाठी घोड्यांची पैदास करत आणि त्यांना शिकवत. त्यांचं म्हणणं होतं की ही शेतीच आहे. कोर्टाने ते मानलं नाही.

मी : म्हणजे आपल्याकडे जमीन एनए करून घेतात, तसंच झालं.

मामा : दिसायला तसंच, पण मूळ वेगळं. आपल्याकडे बिगरशेतीचा विचार महसुलातून आला. जमीन कशाला वापरता त्यावर आकारणी ठरायची. इथे १९४७ चा कायदा आला, १ जुलै १९४८ पासून लागू झाला, आणि त्याने जमीनमालकाच्या हातातून एक हक्कच काढून घेतला. जमीन तुझी राहिली, पण तिच्यावर काय उभं राहील हे ठरवायचा हक्क समाजाकडे गेला. शेतीला मात्र त्यांनी मोकळं सोडलं. तो काळ आठव. लढाई संपली होती, पण रेशनिंग १९५४ पर्यंत चालू राहिलं. देशाला धान्य, दूध, मांस हवं होतं. जो पिकवतो त्याला अडवायचं नाही, हा त्यामागचा विचार. आज कुंपणापलीकडचा शेतकरी तुझ्या तबेल्याच्या दहापट मोठी शेड तुझ्यापेक्षा सहज उभी करतो, त्याचं मूळ इथे आहे.

मी : मग घोडे फक्त चरायला सोडलेत असंच दाखवलं तर?

मामा : दाखवून काय होतं? बघायला येणारा माणूस रोज हेच बघतो. १९८१ चा साइक्स खटला याच प्रश्नावर झाला. घोडे जमिनीवर मुख्यतः चरण्यासाठी आहेत की चरणं आनुषंगिक आहे, हे बघायचं असं त्यात ठरलं. मग आम्ही शेतात जाऊन काय बघायचो? किती जागेत किती घोडे आहेत. गवत मुळापर्यंत खाल्लंय का. तसं असेल तर पोट बाहेरच्या चाऱ्यावर भरतंय. उडीचे दांडे रचलेत का, कडेने रिंगण पडलंय का. ब्रिटिश हॉर्स सोसायटी एका घोड्यामागे साधारण एक ते दीड एकर गवत सांगते. तुझे तीन एकर दोन पोनींना पुरतील, पण हिवाळ्यात गवत घालावंच लागेल. तेव्हा सरळ लिही की घोडे पाळायचे आहेत.

माहितीपत्रकात एक चाकावरचा निवाराही होता. ट्रॅक्टरने ओढून हलवता येतो, म्हणून परवानगी लागत नाही, असं विकणाऱ्याने मला फोनवर ठासून सांगितलं होतं. मी ते मामाला सांगितलं.

मामा : हे अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्यावर पुष्कळ लोक फसतात. एखादी गोष्ट बांधकाम आहे की नाही हे तीन गोष्टींवरून ठरतं. आकार किती, एका जागी किती काळ राहते, आणि जमिनीला किती जखडलेली आहे. इथल्या एका हॉटेलने आवारात दरवर्षी फेब्रुवारी ते ऑक्टोबर एक भला मोठा मांडव उभा ठेवला होता. म्हणणं असं की मांडवच तो, कापडाचा, निघतो. २००० साली अपील कोर्टाने काय म्हटलं? वर्षातले आठ महिने एका जागी उभा राहतो, तर ते बांधकामच. आता तुझा निवारा घे. खरोखर शेतभर फिरवलास, तर बांधकाम नाही असं म्हणता येईल. पण या चिखलात तू तो फिरवणार? एका जागी बसेल, खाली खडी पडेल, वीज येईल, पाण्याचा नळ येईल. चाकं आहेत एवढ्यावर काही भागत नाही. आणि निवारा बांधकाम नसला, तरी जमिनीच्या वापराचा प्रश्न सुटत नाही, तो उरतोच.

मी : घराच्या परसात शेड घालायला परवानगी लागत नाही म्हणतात ना? शेजारणीने तबेला तसाच बांधलाय.

मामा : परसात, बरोबर. घराच्या आवारात, घरच्यांच्या स्वतःच्या हौसेसाठी, ठरलेल्या उंचीच्या आत. दुपाखी छप्पर असेल तर जास्तीत जास्त चार मीटर, कुंपणापासून दोन मीटरच्या आत आलात तर अडीच. तुझं शेत कुठल्याच घराचं आवार नाही. आवार म्हणजे घराला लागून असलेली, घरासारखी वापरातली जागा. बागेला लागून कुरण असलं, तरी ते आवार होत नाही. तुझ्याकडे रस्ता एकच आहे. वापर बदलण्याचा आणि तबेला बांधण्याचा मिळून पूर्ण अर्ज.

मग मामाने चार काठ्या रोवल्या आणि त्यांच्याभोवती सुतळी ताणली. बारा फूट बाय बारा फूट. मला आत उभं राहायला सांगितलं. कागदावर ती खोली मला मोठी वाटली होती. त्या चौकटीत उभं राहिल्यावर कळलं की घोड्यासारखं जनावर इथे वळलं, तर भिंत किती जवळ येते.

मामा : घोडा लोळतो. लोळताना भिंतीशी गेला की पाय भिंतीला टेकतात आणि त्याला उठता येत नाही. धडपडतो, पाय मोडून घेतो. कधी जीव जातो. म्हणून ही मापं. घोड्याला बारा बाय बारा, मोठ्या घोड्याला बारा बाय चौदा. लहान पोनीला दहा बाय दहा चालतं, मोठ्या पोनीला दहा बाय बारा. ही सोसायटीची शिफारस आहे. अर्जात मापं लिहिताना सोबत कारण लिही. तुला मोठा तबेला हवा एवढंच लिहिलंस तर अधिकारी छाटणी करेल. जनावराला एवढी जागा लागते हे लिहिलंस तर तो ऐकेल. मी इतकी वर्षं हेच वाचत आलो. ज्या अर्जात जनावर दिसतं, तो अर्ज उभा राहतो.

मी : आणि बांधायचा कुठे? मला त्या टेकाडावर आवडेल. दारातून सगळं खोरं दिसेल.

मामा : तुला खोरं दिसेल, आणि खोऱ्याला तुझा तबेला दिसेल. टेकाड विसर. चिल्टर्न टेकड्या १९६५ पासून संरक्षित निसर्गसौंदर्याच्या यादीत आहेत, तिथून हे शेत नजरेत येतं. तबेला त्या खालच्या हेजला चिकटून घे, फाटकाजवळ. फाटकाजवळ असला की आत लांब रस्ता करावा लागत नाही, आणि खडीचा रस्ता हिरव्यात पांढऱ्या चट्ट्यासारखा दिसतो. लाकूड गडद रंगाचं. बाहेर दिवे कमीत कमी, वटवाघळं याच हेजच्या कडेने उडतात. फाटकातून घोड्याची गाडी बाहेर काढताना दोन्हीकडचं दिसतं का, तेही बघतील.

मी : ग्रीन बेल्टमध्ये असतं तर मिळालीच नसती ना परवानगी?

मामा : तसं नाही. ग्रीन बेल्टमध्येही मैदानी खेळ आणि विरंगुळ्याच्या सोयींना जागा आहे, मात्र मोकळेपणा राखला गेला पाहिजे. लहान तबेला तिथेही होतो. खटके उडतात ते एकाच खोलीवरून. तुझ्या या नकाशात खोगीर-लगाम ठेवायच्या खोलीला दोन मोठ्या खिडक्या, सिंक आणि वर माळा का काढलाय?

मी : नकाशा तबेला विकणाऱ्यांकडूनच आला. पावसात चहा करता येईल म्हणाले.

मामा : खिडकी एक ठेव, लहान. माळा काढून टाक. अधिकाऱ्याला ती खोली बघून पाच वर्षांनंतरचं घर दिसतं. आधी तबेला, मग त्यात शेगडी, मग पलंग, मग घर म्हणून अर्ज, असे प्रकार या देशात इतके झालेत की खऱ्या घोडेवाल्यांनाही त्याची किंमत मोजावी लागते. मला याचा फार राग येतो. एक माणूस तबेल्याच्या नावाखाली बंगला उठवतो आणि पुढच्या दहा जणांच्या पोरांच्या पोनी अडकतात.

लिदेचा विषय मी टाळत होते, तो मामानेच काढला. एक पोनी रोज ढकलगाडीभर घाण करते, ती कुठे टाकणार, हे अर्जात आलंच पाहिजे. ढीग ओढ्यापासून निदान दहा मीटर आणि विहीर, झरा, कूपनलिका यांपासून निदान पन्नास मीटर लांब. जाळायचा नाही. शेजारच्या शेतकऱ्याशी बोलून ठेव, खत त्याला हवंच असतं, असं म्हणून मामा स्वतःच त्याच्याशी बोलायला कुंपणापाशी गेला आणि ठरवूनही आला.

मी : अर्ज दिल्यावर किती दिवस लागतात?

मामा : एवढ्याशा कामाला कायद्याने आठ आठवडे. नकाशात तुझी जागा लाल रेघेत, तुझी उरलेली जमीन असेल तर ती निळ्या रेघेत. फाटकावर नोटीस लागेल किंवा शेजाऱ्यांना पत्रं जातील, एकवीस दिवस लोक लिहू शकतात. पॅरिश कौन्सिलही मत देते. ते निर्णय घेत नाहीत, पण त्यांचं ऐकलं जातं. म्हणून अर्ज टाकायच्या आधी त्यांच्या बैठकीला जा, स्वतः सांग. नाकारलं, तर अपील करायला सहा महिने असतात. मिळाली, तर अटी असतील. घोडे स्वतःचे, धंदा नाही, ही अट जवळजवळ ठरलेली. उद्या दुसऱ्याचे घोडे पैसे घेऊन ठेवलेस, तर पुन्हा नवा अर्ज. आणि घोडे भाड्याने द्यायचे किंवा शिकवणी चालवायची असेल, तर २०१८ च्या प्राणीकल्याण नियमांखालचा परवाना वेगळा.

मी : एकाने सांगितलं, गुपचूप बांधा, चार वर्षं गेली की कोणी काही करू शकत नाही.

मामा : इंग्लंडमध्ये ते चार वर्षांचं संपलं. २५ एप्रिल २०२४ पासून दहा वर्षं. त्या आधी बांधून पूर्ण झालेल्यांना जुना हिशेब लागतो, तुला नाही. दहा वर्षं दर पत्राला दचकत राहायचं? नोटीस आली आणि पाळली नाहीस, तर तो गुन्हा आहे, दंडाला वरची मर्यादा नाही. आणि तबेला पाडायची वेळ आली, तर ती घोडी कुठे बांधणार? पोरीला काय सांगणार?

यावर मी काही बोलले नाही. मामाने सुतळी गुंडाळली, काठ्या मात्र तशाच ठेवल्या.

त्या आठवड्यात मी माहितीपत्रकातला नकाशा बाजूला ठेवला आणि दोन खोल्या, एक लहान खोगीरखोली असा नवा काढून घेतला. कौन्सिलकडून अर्जाआधीचा सल्ला फी भरून घेतला आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे तबेला आणखी थोडा हेजकडे सरकवला. एप्रिलमध्ये अर्ज टाकला, जूनच्या शेवटी परवानगी आली. स्वतःच्या घोड्यांपुरता वापर, बाहेर दिवे नाहीत आणि लिदेचा ढीग नकाशात दाखवलेल्या जागीच, अशा अटी त्यात आहेत. काम तीन वर्षांच्या आत सुरू करायचं आहे. आम्ही सप्टेंबरमध्ये पाया घेतो आहोत.

स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत, तिकडच्यांनी तिथलेच बघावेत. इंग्लंडमध्ये शेत बघत असाल, तर माझं एवढं ऐका. तबेला विकणाऱ्याला फोन करण्याआधी, आणि जमलं तर शेताचे पैसे देण्याआधी, त्या भागाच्या कौन्सिलला विचारा. तुमचा घोडा तिथे काय करणार आहे, ते त्यांना खरं सांगा.