नदीच्या पात्रातून आभाळ अर्धेच दिसते

वर्धा नदीवर सहलीला जाणाऱ्यांना माझे पहिले सांगणे हेच, की मोबाइलवरचा वाऱ्याचा आकडा जरूर बघा, पण त्या एका आकड्याच्या भरवशावर पाण्यात उतरू नका. नाचणगाव-पुलगावच्या माणसाला नदी काही परकी नाही. उन्हाळ्यात पळसाच्या पानांत पानगे भाजायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी, पोरांनी डोहात डुंबायचे, एखाद्याने डोंग्यातून पलीकडे अमरावती जिल्ह्याच्या काठाला पाय लावून यायचे. हे सगळे पुढेही चालावे, म्हणून लिहितो आहे.

मे महिन्यात शेजारपाजारची काही घरे मिळून आम्ही असेच गेलो होतो. सकाळी मोबाइलवर वारा ताशी १२ किलोमीटर दाखवत होता आणि आभाळ निरभ्र. दुपारपर्यंत वारा तसाच वाहिला. मग तो एकाएकी थांबला. पान हलेना, घाम वाळेना. मंडळींना बरे वाटले. पोरांनी डोंग्यात बसायचा हट्ट धरला. डोंगेवाले बाबा मात्र डोंगा वाळूवर ओढू लागले. "हवा पडली भाऊ. आता मी काही डोंगा सोडत नाही," एवढेच म्हणाले. कारण विचारले तर त्यांनी पश्चिमेकडे हात केला. तिकडे आम्हाला दरडीशिवाय काही दिसत नव्हते.

थोड्याच वेळात वरून डांगरवाडीतली मावशी ओरडली, "पोरायले बाहेर काढा, धुरळा येऊन राहिला!" पोरे पाण्याबाहेर निघेपर्यंत पहिला झोत येऊन धडकला. हवा एकदम गार झाली, वाऱ्याची दिशा फिरली आणि वाळू डोळ्यांत जाऊ लागली. सावलीसाठी बांधलेली ताडपत्री बांबूसकट उडाली आणि एका मुलाच्या कपाळाला खोक पडली. विझत आलेल्या गोवऱ्यांचे निखारे काठच्या वाळल्या गवतात जाऊन पडले आणि गवताने पेट घेतला. आम्ही घागरी-पातेल्यांनी पाणी मारत होतो, तेवढ्यात वीज कडाडली. डोहाच्या मध्यावर डोंगा असता, तर हे लिहिताना माझा हात थरथरला असता.

अंदाज चुकला, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तो आकडा काय सांगतो, हे समजून घेतले तर राग येत नाही. मोबाइलवर बहुधा जो वारा दिसतो तो मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा, काही मिनिटांच्या सरासरीचा असतो. तो काढणारी संगणकीय प्रारूपे जमिनीचे चौकोन पाडतात. आपल्या देशात हे चौकोन बरीच वर्षे १२ किलोमीटरचे होते. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टिम'मध्ये ते ६ किलोमीटरवर आले. ही मोठी प्रगती आहे आणि तिच्यामागे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांचे कष्ट आहेत. तरी ६ किलोमीटरच्या चौकोनात आपली नदी, तिच्या दरडी आणि काठच्या बाभळी कुठे मावणार?

उन्हाळी वादळाची रीतही ध्यानात घ्यावी. दिवसभर तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढते आणि ढगांचे मनोरे उभे राहतात. त्या ढगातून पाऊस कोसळू लागला, की गार झालेली जड हवा खाली आदळून चहूकडे पसरते. पाऊस अजून काही किलोमीटर लांब असतानाच हा लोट आपल्यापर्यंत येतो. त्याआधी वारा पडतो, कधी उलटा फिरतो. उकाडा वाढून पान हलेनासे झाले, तर तो निवांत वेळ समजू नये. आमच्या भागात ही वादळे बहुतेक दुपार कलल्यावर आणि संध्याकाळी येतात.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १२ चा वारा ४८ झाला, तर वेग चौपट होतो आणि ताडपत्रीवर किंवा डोंग्याच्या कुशीवर पडणारा दाब सोळापट. म्हणून सरासरीपेक्षा झोताचा आकडा महत्त्वाचा. अनेक अॅपवर तो वेगळा दिला जातो, तोच वाचा. भारतीय हवामान विभागाच्या नागपूर केंद्राकडून जिल्हावार इशारे निघतात. त्यात 'मेघगर्जनेसह ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा' असे शब्द असतात. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. नदीवर जाणाऱ्याने मात्र पिवळा असला तरी दुपारचा बेत सकाळवर आणावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सकाळचा इशारा बघून गप्प बसू नये. पुढच्या तीन तासांसाठी निघणारा तातडीचा इशारा निघताना आणि तिथे पोचल्यावर पुन्हा बघावा. विजेसाठी 'दामिनी' अॅप आहे, ते २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातली वीज सांगते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा पाणी, वाळवंट, एकटे झाड सगळे सोडून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावे.

अॅपपेक्षाही मी जास्त भर देतो तो जागेवर. नदीचे पात्र खोल असते. खाली वाळूत बसले, की दोन्ही दरडींमुळे क्षितिज झाकते, मोबाइलची रेंजही कित्येकदा जाते. वादळ डोक्यावर आल्याशिवाय खालच्याला कळत नाही. मावशीला धुरळा दिसला, कारण ती वर होती. झाडांकडेही बघावे. नुसती पाने आणि बारीक काड्या हलत असतील तर वारा साधारण १२ ते १९ चा. धूळ आणि कागद उडू लागले, की २० च्या पुढे गेला. तिथेच डोंगा काठाला लावावा. मोठ्या फांद्या हलून तारा शिट्टी घालू लागल्या तर ४० गाठले समजा. पाण्यात असताना झोत आलाच, तर उभे राहू नका, डोंग्याच्या तळाशी बसा, टोक वाऱ्याकडे वळवा आणि जो काठ जवळ असेल तो गाठा. गावाकडचाच काठ हवा असा आग्रह नको.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी याच वर्धा नदीत, वरूड तालुक्यातल्या झुंजजवळ, डोंगा उलटून ११ जण गेले. त्या दुर्घटनेचा वाऱ्याशी संबंध मी जोडत नाही. पण भरलेल्या डोंग्याची कड पाण्याच्या किती जवळ येते, हे ज्याने पाहिले आहे त्याला अशा डोंग्यावर झोत आला तर काय होईल, हे सांगावे लागत नाही. माणसे कमी बसवावीत आणि प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असावे. पावसाळ्यात तर धनोडीच्या निम्न वर्धा धरणाचे दरवाजे उघडले, की आपल्याकडे थेंब नसतानाही पाणी चढते; त्या दिवसांत नदीत सहल नकोच.

पुढच्या उन्हाळ्यात पानगे करायला जाल, तेव्हा गोवऱ्या पहाटे पेटवा, ऊन चढून वारा वाढायच्या आत निखारे पाण्याने विझवा आणि दुपारी घरी या. जितका वेळ खाली असाल, तितका वेळ एक जाणता माणूस दरडीवर पश्चिमेकडे तोंड करून बसवा. त्याची पाळी बदलत राहा, त्याचे ताट वर पोचवा, आणि त्याने हाक दिली की कारण न विचारता पोरांना पाण्याबाहेर काढा.