पोशाख आणि इतिहास : प्रवासांतील कांहीं निरीक्षणें

इतिहास म्हणजे राजांचीं नांवें व लढायांच्या सनावळ्या, असा पुष्कळ विद्यार्थ्यांचा समज असतो. परंतु जुन्या काळचीं माणसें कशीं राहत, कोणाशीं व्यापार करीत, कोणाचे हुकूम त्यांस पाळावे लागत, हें त्यांच्या वस्त्रांवरूनही कळतें. आमच्या कुटुंबास प्रवासाची आवड आहे. आणि कोठेंही गेलों तरी जुने पोशाख निरखून पाहण्याचा छंद आम्हां भावंडांस लागला आहे. त्या छंदापासून जो लाभ झाला, तो आमच्या शाळासोबत्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम दगडाची साक्ष घेऊं. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचीं स्त्रीपुरुषांचीं युगुलें कोरलेलीं आहेत. पुरुषांच्या मस्तकीं भरदार पागोटीं, स्त्रियांच्या कमरेस मेखला व पायांत जड वाळे. वस्त्र म्हणाल तर कमरेस गुंडाळलेलें. अजिंठ्याचें पहिलें लेणें याहून चार-पांचशें वर्षांनीं अलीकडचें. त्यांत शिवलेले अंगरखे व टोंकदार टोप्या घातलेलीं परदेशी माणसें रंगविलेलीं आहेत. दूरच्या लोकांशीं आपला संबंध होता, ही गोष्ट तेथें केवळ टोपी पाहूनही ध्यानांत येते.

मात्र चित्रावर आंधळा विश्वास ठेवूं नये. जुन्या गोव्याच्या संग्रहालयांत पोर्तुगीज गव्हर्नर व व्हाइसरॉय यांच्या तसबिरींची मालिका आहे. ती १५४७ सालीं जुआंव द कास्त्रु यांच्या आज्ञेनें सुरू झाली. चिलखतें, झगे, गळपट्टे पाहून मन रमतें. पण यांतील पुष्कळ तसबिरी मागाहून पुन्हां रंगविल्या गेल्या. म्हणून चित्रांतील पोशाख त्या पुरुषाच्याच काळचा आहे असें धरून चालतां येत नाहीं.

आतां आमच्या जिव्हाळ्याच्या प्रश्नाकडे वळूं. आम्ही ख्रिस्ती, पण आमची आजी लुगडें नेसते. "ख्रिस्ती असून लुगडें कसें?" असें आम्हांस अनेकदां विचारण्यांत येतें. हाच प्रश्न एके काळीं सत्तेनेंही केला होता, आणि तो केवळ कुतूहलानें नव्हे. गोव्यांतील इन्क्विझिशन नांवाच्या धर्मन्यायालयानें १७३६ सालीं जाहीरनामा काढून स्थानिक ख्रिस्ती लोकांच्या अनेक चालीरीतींस बंदी केली. दारीं तुळस लावूं नये, मिठावांचून भात शिजवूं नये, पुरुषांनीं धोतर नेसूं नये व स्त्रियांनीं चोळी घालूं नये, अशीं कलमें त्यांत होतीं. म्हणजे चोळी ही अविश्वासाची खूण ठरली! १५६० सालीं स्थापन झालेलें हें न्यायालय १८१२ सालीं कायमचें बंद झालें.

हुकुमानें सर्व कांहीं पुसलें गेलें नाहीं. गोव्यांतील ख्रिस्ती स्त्रियांचा मांडो नाचतांनाचा 'पानो-बाजू' पाहा. 'पानो' हा कापडास पोर्तुगीज शब्द, तर 'बाजू' हा मलय भाषेंतील सदऱ्याचा शब्द. आणि पानो कमरेस गुंडाळण्याची तऱ्हा पौर्वात्य. एका पोशाखांत तीन प्रदेश नांदतात. इकडे वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यांत होती. १७३९ सालीं ती चिमाजी अप्पांनीं जिंकली. राज्यें आलीं आणि गेलीं, तरी त्या प्रांतांतील ख्रिस्ती स्त्रियांनीं आपलें तांबडें लुगडें पिढ्यान्‌पिढ्या राखलें. आज तें बहुधा वृद्ध स्त्रियांच्या अंगावर किंवा सणसमारंभांतच दिसतें.

याच प्रश्नास पंडिता रमाबाईंनीं आपल्या आचरणानें उत्तर दिलें. १८५८ सालीं जन्मलेल्या रमाबाईंचें बाळपण आईबापांबरोबर तीर्थयात्रा करीत हिंडण्यांत गेलें. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या. दोन्ही देशांत त्यांनीं आपलें पांढरें लुगडें व शाकाहार सोडला नाहीं. श्रद्धा अंतःकरणाची असते. वस्त्र देशाचें, हवेचें व कुळाचें असतें, हें त्यांनीं न बोलतां दाखविलें.

विद्यार्थीबंधूंनो व भगिनींनो, अशा अभ्यासास दूरच जावें लागतें असें नाहीं. घरच्या पेटींतील एखादें जुनें लुगडें, पागोटें किंवा झगा बाहेर काढा. वडील माणसांस तीन गोष्टी विचारा : हें कापड कोठें विणलें, कोणत्या प्रसंगीं वापरीत, आणि वापरणें केव्हां व कां सुटलें? उत्तर साल व गांव यांसह कागदावर लिहून त्या वस्त्राबरोबर ठेवा. पालकांसही आमची विनंती आहे कीं, मुलांनीं विचारलें असतां "जुनी चिंधी ती" म्हणून टाळूं नये. आजी आहे तोंवर लुगडें बोलतें. तिच्यामागें, लिहून ठेवलेलें नसेल तर, तें नुसतें कापड उरतें.