झडप बदलली, पण गोळी जन्मभराची

लहानपणी घसा सुजतो, पुढे दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि सांधे सुजतात. हा संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपा खराब करतो. झडप नीट उघडली नाही की रक्त मागे फुप्फुसात तुंबते, आणि रोवणीच्या बांधीत वाकलेल्या बाईला दम लागतो. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे.

ऑपरेशन करून धातूची झडप बसवली की दम कमी होतो. मग "आता बरे वाटते" म्हणून गोळी सुटते, आणि आम्हाला धास्ती याचीच वाटते. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरते. ती झडप अडवते, किंवा सुटून मेंदूत गेली तर लकवा होतो. म्हणून वॉरफेरिन किंवा अ‍ॅसेनोकुमारॉल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, रोज ठरल्या वेळी घ्यायची.

गोळीचा डोस आयएनआर तपासणीवरून ठरतो. निरोगी माणसाचा आकडा 1 च्या आसपास असतो. धातूची झडप असलेल्यांचा बहुधा 2 ते 3.5 च्या दरम्यान ठेवतात. तुमचा नेमका किती हवा, ते डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या. चिखल्याहून तुमसर-भंडाऱ्याला जायचे तर एक रोजी बुडते, हे आम्ही जाणतो. तरी तारीख चुकवू नका.

पावसाळ्यात आपल्याकडे तरोटा, अंबाडी, शेवग्याचा पाला रोज ताटात येतो. पालेभाजीतले के जीवनसत्त्व गोळीचा जोर कमी करते. भाजी सोडायची नाही (गरिबाच्या ताटात दुसरे असते तरी काय!), पण वर्षभर साधारण सारखीच खा. अंगदुखीची गोळी दुकानातून आणून खाऊ नका, त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. सुई टोचून घेण्याआधी, दात काढण्याआधी कार्ड दाखवा.

सुनेला दिवस जाण्याआधीच हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. वॉरफेरिनमुळे पहिल्या तीन महिन्यांत गर्भाला व्यंग येऊ शकते. पण स्वतःहून गोळी थांबवली तर आईचाच जीव जाऊ शकतो. पाळीत फार रक्त जात असेल तर लाजू नका, सांगा.

काळी शौच, न थांबणारा घोळणा, वाकडे झालेले तोंड, अचानक दम, किंवा झडपेची नेहमीची टिकटिक मंद होणे, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा आणि कार्ड सोबत घ्या.